दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्या

अनगोळच्या वाटेवर, पत्र्याच्या शेडात,
जिथं आधी म्हैस बांधायचो,
तिथं मॉरिस उभी आहे. विटांवर.
डावीकडं एक वीट जास्त,
कारण जमीनच तशी आहे.

परशरामदादानं एकोणऐंशी साली तिचं इंजिन खोललं
आणि म्हणाला, आठवड्याचं काम.

उद्यमबागेत अडतीस वर्षं लेथवर उभा राहून
मी घरी बसलो तेव्हा दादा नव्हता.
तपकिरीचे अकरा डबे होते.

निपाणीची तपकीर. अजूनही झाकण उघडलं
की आधी शिंक, मग नट.
प्रत्येक नटाला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी:
पंप, वरची बाजू.
डावीकडचा, घट्ट बसतो.
हा जास्त आवळू नको, तुटतो.
कुणाला सांगत होता?
मी तेव्हा अकरावीत,
मला तर शेडात यायलाच बंदी होती.

निम्म्या चिठ्ठ्या कानडीत.
त्या फकिराप्पाच्या. रविवारी बैलहोंगलच्या बसनं यायचा,
संध्याकाळी हात रॉकेलनं धुऊन जायचा.
दादाला कानडी बोलता यायचं, वाचता नाही.
त्याला मराठी कळायचं, लिहिता नाही.
त्या दोघांच्यात मिळून एक इंजिन होतं.

आणि मी, साठ वर्षं या गावात
दुकानांच्या पाट्या रंगावरनं ओळखणारा.

हंचिनमनींची सहना शाळेतनं आली
की कुंपणाला सायकल टेकवून वाचून देते.
"अज्जा, हे टॅपेट. तीन नंबर. निधान, असं लिहिलंय."
निधान म्हणजे सावकाश.
एवढं मला येतं.

बोअरिंग जुन्या शागिर्दाकडं करून घेतलं.
पैसे घेतले नाहीत त्यानं,
पण दीड तास बसवून घेऊन
माझ्याच चुका मला सांगितल्या.
रिंगा कोल्हापूरहून आल्या.
दाराचं रबर कुठंच मिळेना,
पाण्याच्या टाकीचं कापून लावलं. बरं बसलंय.
बरं म्हणजे, वारं सुटलं की शिट्टी वाजते.

हिची बॅटरी उलटी जोडायची, पॉझिटिव्ह बॉडीला.
हे दादानं कुठं लिहिलं नव्हतं.
वायर पेटली तेव्हा रेणुका बादली घेऊन आली,
ओतली, पुन्हा भरली,
आणि काही न बोलता दारात ठेवून गेली.
बादली अजून तिथंच आहे.

नंबराची पाटी खरवडली.
काळ्या रंगाखाली म्हैसूरची अक्षरं,
त्याखाली मुंबईची.
त्याखाली पत्रा लागला. थांबलो.
पेंटर म्हणाला, कुठला ठेवू?
म्हटलं, जो कागदावर आहे तो.
कागद कुठाय, म्हणाला.

माघातल्या एका मंगळवारी, लाईट गेलेली,
हँडल मारून मारून खांदा उतरला
आणि ती खोकली.
एकदाच. मग लागलीच.
दाराच्या खांबातनं नारिंगी हात बाहेर पडला,
उजवीकडं वळतो म्हणून दाखवायला,
आणि आत जाईना. सहना हसत सुटली.
मी बोटानं दाबून बसवला.

अकराव्या डब्यात एक बोल्ट उरला होता.
बारीक आट्याचा, करंगळीएवढा,
एकाच दोऱ्याला दोन चिठ्ठ्या.
सहनानं पहिली वाचली, पुन्हा वाचली.
"इदु यावदु गोत्तिल्ला."
हा कुठला, माहीत नाही.

दुसरी दादाची.
ती मीच वाचली.
"मलाबी नाही."

दोऱ्यासकट तो डॅशबोर्डाच्या खणात ठेवलाय.

मग दुसऱ्या रेल्वे गेटापर्यंत गेलो.
गेट पडलेलं. पुढं विटांचा ट्रॅक्टर,
मागं सगळ्यांनी गाड्या बंद केल्या.
मी केली नाही.